मागच्या भिंतीचं भगदाड

घरमालक कसा असावा यावर आमच्या शेजारच्या बायका अजून तावातावानं बोलतात. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी गवंडी दारात, असा मालक हवा म्हणे! मी मान डोलावते. पण मनात येतो तो सोलापुरातला माझा पहिला घरमालक, ज्यानं मागच्या भिंतीचं काम वर्षानुवर्षं केलं नाही. त्याच्या आठवणीनं जीव तुटतो माझा. हसायचं तर खुशाल हसा.

लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा माझं वय ते काय! एका चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडं आणि आमची खोली सगळ्यात मागं. भिंत दगड-मातीची. जमिनीपासून हातभर वर दोन दगड निखळून तिला भगदाड पडलेलं. पलीकडं बोळ. वारा, धूळ, उंदीर, सगळ्यांना आमच्या घरी यायला मोकळी वाट.

मालक पुढच्या दारी राहायचे. दम्यानं खंगलेले, बाजेवर बसून दिवसभर सुतळी वळायचे. डागडुजी त्यांनीच करायची हे ठरलेलं होतं आणि ते कधी नाही म्हणायचेही नाहीत. "करू की! भिंत काय पळून चाललीय व्हय?" झालं, संपलं बोलणं. मला दिवस गेलेले, डोकं आधीच तापट. रोज सकाळी घागर कडेवर घेऊन मी त्यांच्याशी भांडायची आणि ते मिशीत हसायचे. अस्सा राग यायचा!

बाळंतपणाला मोहोळजवळच्या माहेरी गेले. तिसऱ्या महिन्यात आई मला पोचवायला आली, ते थंडीत. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणी पीत नाही. त्यामुळं माझं घर ती पहिल्यांदाच बघत होती. मी हौसेनं तांब्या पुढं केला. तिची नजर भिंतीकडं गेली. भगदाडात मी जाताना कोंबलेलं फडकं बाहेर पडलं होतं आणि दुधाच्या वासानं आत आलेलं एक मांजर पाळण्याखाली बसलं होतं.

"ठेव तो तांब्या," आई म्हणाली. "माती कुटं मिळंल?"

"अगं आई, ते मालकाचं काम आहे. मी सांगितलंय त्यांना."

"मालकाचं हाय व्हय? अन् लेकरू कुणाचं हाय?"

माती, शेण, कडब्याचा भुगा असं सगळं तिनं पायानं तुडवलं, निखळलेले दगड परत बसवले आणि वरून हातानं लिंपलं. शेजारची विणकरीण तेलुगूत काहीतरी पुटपुटत बघत राहिली. शेवटी आईनं तळहात दाबून चिखल बसवला. हातातल्या बांगड्या तिनं काढल्या नव्हत्या. पंजा उमटला आणि त्याच्या खाली मनगटापाशी बांगड्यांच्या दोन चंद्रकोरीही उमटल्या. मग हात धुऊन ती बसली. "आता दे पाणी," म्हणाली. गटागटा प्याली हो. लेकीच्या घरचं पहिलं पाणी. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला गाडीत बसवून दिलं.

पावसाळ्यात ती तापानं गेली. निरोप मिळून मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंडसुद्धा दिसलं नाही. परत येऊन भिंतीपाशी बसले आणि त्या पंज्यावर माझा पंजा ठेवला. तेवढीच उरली होती माझी आई.

चिखल वाळून आक्रसला होता. भोवतीनं फट पडली आणि थंडी सुरू झाली तसा वारा पुन्हा आत येऊ लागला. आणि नेमकं तेव्हा मालकांना काम सुचलं! गवंडी, चुना, दगड, सगळा सरंजाम घेऊन दारात उभे. मी धावत जाऊन भिंतीला पाठ लावून बसले.

"ऊठ की पोरी. लेकराला वारा लागंल म्हणून तूच भांडत हुतीस न्हवं?"

मी जराशी सरकले आणि बोट दाखवलं. ते धापा टाकत वाकले. पंजा पाहिला, बांगड्यांच्या खुणा पाहिल्या. "आईचा?" मी मान हलवली.

ते उठले आणि गवंड्याला म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. चुना कमी हाय."

चुन्याचं घमेलं काठोकाठ भरलेलं होतं.

त्यानंतर दर दिवाळीला सगळ्या बिऱ्हाडांची डागडुजी व्हायची आणि आमची भिंत तेवढी राहायची. यांनी विचारलं की मालक सुतळीकडं बघत म्हणायचे, "करू की, भिंत काय पळून चाललीय व्हय?" हे चिडायचे. विणकरीण तर त्यांच्या तोंडावर आळशी म्हातारा म्हणायची. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, खरं कारण कुणाला सांगितलं नाही. मी पंज्यापुढं लोखंडी पेटी ठेवली, फटीत कापूस भरला आणि पोराला दोन गोधड्यांत गुंडाळून निजवत राहिले. बरं चाललं होतं आमचं.

मालक गेले आणि त्यांचा पुतण्या आला. माणूस लाखात एक, कामाचा उरक दांडगा. मी दुधनीला मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. परत आले तर भिंत पांढरी शुभ्र, सपाट.

"बघ, याला म्हणतात मालक!" विणकरीण म्हणाली. "म्हाताऱ्यानं नुसतं झुलवलं तुला." हेही खुशीत होते. पोरगा भिंतीला पाठ टेकून बसला होता. "आई, आता वारा येतच नाही गं!" कुणावर चिडू मी, सांगा? पेटी ओढून हात टेकवला. पेटीमागचा चुना अजून ओला होता, तळव्याला लागला.

संध्याकाळी पुढच्या दारी गेले. बाज होती तिथंच, तिच्यावर अर्धवट वळलेली सुतळी. पांढऱ्या हातानं ती जवळ घेतली आणि मला रडू आवरेना.

"पळाली की हो मालक," मी म्हणाले, "भिंत पळाली."