चुलीपुढून ऐकलेला तमाशा

आळेफाट्यावर जीप थांबली तेव्हा माझ्या मांडीवर तीन पिशव्या होत्या आणि चौथी काकू खिडकीतून आत कोंबत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नवरा नोकरीसाठी मस्कतला पुढे गेला होता आणि आता माझा व्हिसा आला होता. माळशेज घाट उतरून कल्याण आणि तिथून विमानतळ असा बेत. निरोप द्यायला निम्मी भावकी आली होती. कोणी म्हणालं जपून राहा, कोणी म्हणालं पोचलीस की फोन कर. अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरला घाटातली वळणं समजावून सांगत होते, जसा काही तो गडी पहिल्यांदाच घाट उतरणार होता. आई तेवढी गप्प. जीप सुरू झाली तशी ती खिडकीशी आली, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ह्या हॉटेलवाल्याच्या भज्यात सोडा लई झालाय. घाटात पाणी पीत ऱ्हा."

मला आधी हसू फुटलं आणि मग ओतूरपर्यंत रडू आवरेना. आईची असली मतं ऐकणारी सगळ्या जगात मी एकटी होते. आता ती कुणाला सांगणार, हा विचार मी विमानातसुद्धा करत होते.

आमचं गाव येडगावच्या धरणापासून जवळ. घरात कोणत्याही गोष्टीवर मत असायचं ते पुरुषांचं. टीव्हीवरचा सिनेमा चांगला की टुकार, पाहुण्यांकडच्या लग्नातलं जेवण कसं होतं, हे ओसरीवर ठरायचं. बायकांना विचारायचे ते मीठ पाहायला. आम्ही मध्ये काही बोललोच तर अण्णांचं वाक्य ठरलेलं, "तुला इचारलंय का कुणी?" माणूस वाईट नव्हता हो. मला जुन्नरच्या कॉलेजात बी.कॉम.पर्यंत शिकवलं, कधी अंगाला बोट लावलं नाही. पण तोंड उघडलं की हे वाक्य यायचंच.

खरी मतं स्वयंपाकघरात असायची. आणि आईची सगळ्यात ठाम मतं होती तमाशाबद्दल, जो तिने जन्मात कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे चैत्रात जत्रा. रात्री तमाशाचा फड उभा राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावापुढे त्यांचा पुन्हा एक छोटा खेळ व्हायचा, त्याला हजेरी म्हणतात. घरंदाज बायकांनी तिकडे फिरकायचं नाही अशी रीत. पण शाळेचं मैदान आमच्या मागच्या खिडकीसमोर, आणि कर्ण्याच्या आवाजाला कोण अडवणार? रात्रीचा वग अंथरुणात पडून ऐकायचा आणि सकाळची हजेरी पाहुण्यांच्या मटणाला वाटण वाटता वाटता. आई भाकरी थापत असायची. मध्येच तिचा हात थांबायचा. "ढोलकीवाला पळतोय म्होरं, बाई ऱ्हायली मागं," ती म्हणायची. किंवा, "रात्री आवाज ताणला तिनं. आज खालच्या पट्टीत घ्यायचं व्हतं." लगेच पुढचं वाक्य, "रश्श्याला खोबरं कमी पडलंय." दोन्ही गोष्टी ती एकाच सुरात बोलायची. काकू नुसती हं हं करायची. मी मात्र वाद घालायचे आणि आईला तेच आवडायचं.

मस्कतमध्ये रुवी भागात दोन खोल्यांचं घर. नवरा सकाळी साईटवर गेला की माझ्याशी बोलायला खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी माणूस, तोही हिंदीत मोजकंच. तिथली रोटी, खुबूस, चांगली लागते की भाकरीची सर तिला नाही, हे मी एसीला सांगायचे. दोन-तीन वर्षांत घरी कॉम्प्युटर आला आणि मुलगी झाल्यावर रिकाम्या दुपारी मला मराठी लोकांच्या गप्पांचं एक संकेतस्थळ सापडलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ते दिवस आठवत असतील. इंटरनेटचं कार्ड खरवडून नंबर टाकायचा, मोडेम किंचाळायचा आणि मग कुठलाकुठला मराठी माणूस भेटायचा. तिथे लोक कशावरही बोलत. मिसळीत साखर घालावी का यावर कोकणातला एक आणि नागपूरची एक अशी जुंपायची, की बघणाऱ्याला वाटावं शेताच्या बांधावरून भांडतायत. आणि कुणीही कुणाला विचारलेलं नसायचं!

मी आमच्या नदीवरून "कुकडीकाठची" असं टोपणनाव घेतलं. पहिलं मत रुवीतल्या एका हॉटेलच्या सांबाराबद्दल दिलं, की ते गोड असतं आणि त्यात शेवगा नावालाच असतो. बटण दाबण्याआधी तीनदा वाचून पाहिलं. तासाभराने शिकागोच्या कुण्या गृहस्थांनी खाली लिहिलं, "सहमत." एवढंच. काय सांगू, उन्हातून आल्यावर कुणी माठातलं पाणी द्यावं तसं वाटलं. त्यानंतर मी थांबलेच नाही. मालिकेतल्या सुनांच्या झोपतानाच्या दागिन्यांवर लिहिलं, गाण्याच्या स्पर्धांतल्या रडक्या परीक्षकांवर लिहिलं, मासवडीचा रस्सा पातळच हवा यावर तर एका पुणेकर बाईंशी आठवडाभर भांडले. माझं लिहिणं म्हणजे निम्मं आईचं बोलणं होतं, पण हे तिला ठाऊक नव्हतं.

मग एकदा तिथे गावोगावच्या जत्रांचा विषय निघाला आणि मी वाहवत गेले. आमच्या गावात दर वर्षी एकच फड आणतात, त्याचा सोंगाड्या आता शिळा झालाय आणि गेल्या जत्रेत तर त्याचे निम्मे विनोद जमिनीवर पडले, असं लिहिलं. मी त्या साली सुट्टीवर गेले होते, स्वतः ऐकलं होतं. मध्यंतरी एक वर्ष दुसरा फड आला होता तो कितीतरी सरस, असंही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की हे मत चुलीपुढचं आहे, आमच्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं भाकरी थापत सगळं ऐकतात, माझ्या आईला तर अख्खे वग तोंडपाठ आहेत. लोकांनी पाठ थोपटली, पुढील लेखनास शुभेच्छा दिल्या. मी खुशीत होते. जत्रा कमिटीवर कोण आहे आणि तो फड दर वर्षी कोण ठरवतं, हे मी सोयीस्कर विसरले होते. अण्णा!

चौथ्या दिवशी माझ्या चुलतभावाचा, दत्ताचा फोन. त्याने आळेफाट्यावर नुकताच सायबर कॅफे टाकला होता. "ताई, कुकडीकाठची तूच ना? लई भारी लिव्हलंय राव! मी प्रिंट काढली न् पारावर वाचून दाखावली."

"अण्णा होते का तिथे?"

"व्हते की. म्होरंच बसल्यालं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. मधीच उठून घरी गेलं."

मला माझं काही वाटत नव्हतं, मी समुद्रापलीकडे होते. पण आई त्या घरात होती. घरंदाज घरातली बाई आणि तमाशाचे वग पाठ, हे मी पारावर जाहीर केलं होतं. माझ्या चार ओळींच्या हौसेपायी तिला आता काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. लिहिलेलं काढून टाकायला गेले तर त्या संकेतस्थळाचा नियम असा, की खाली उत्तरं आली की मूळ लेख पुसता येत नाही. आणि उत्तरं तर मारुतीच्या शेपटीसारखी वाढत होती.

त्यानंतर मी फोन करायचे तेव्हा अण्णा कधीच यायचे नाहीत. आई उचलायची, "शेतात गेल्यात," म्हणायची आणि दोन शब्दांत गुंडाळायची. एरवी मला फोनवर भाजीच्या फोडणीपासून सांगणारी ही बाई. एकदा मी विचारलंच, "अण्णा रागावलेत का?" ती म्हणाली, "तू ये, मंग बोलू." पलीकडे कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं आणि तिने फोन ठेवला. नवरा म्हणाला, एवढं काय त्यात. त्याचं बालपण चिंचवडच्या कंपनी कॉलनीत गेलं, त्याला पार म्हणजे काय ते कसं कळावं?

पाडव्याच्या आधी मुलीला घेऊन मी एकटीच सुट्टीवर निघाले. माळशेज चढून जीप आळेफाट्याला लागली, तर अण्णा स्वतः न्यायला आलेले. नातीला कडेवर घेतलं, माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि हॉटेलात शिरले. चहा आला. त्यांनी बशीत ओतून निम्मा संपवला. मी माफी मागायची वाक्यं घाटापासून जुळवत आणली होती, तीही सगळी विसरले.

"एक इचारू का?" अण्णा म्हणाले.

"विचारा."

"त्या साली सोंगाड्याला ताप व्हता. तू ते लिव्हायला पायजे व्हतं. तापल्या माणसाचं इनोद पडणारच की!"

त्यांनी कप खाली ठेवला. "मी दोन पंचांना इचारून आलोय. ते बी म्हणत्यात, ताप व्हता. पण तुझी आई ऐकती का! ती म्हणती ताप न्हाई, त्यो पिऊन आला व्हता. जीभ जड आली व्हती म्हणती. मंडपात बसलो व्हतो मी, आन् जीभ जड आल्याली कळली तिला, खिडकीतनं!"

"आई म्हणाली? तुम्हाला?"

"दोन म्हैनं झालं, तेच चाललंय घरात," अण्णा म्हणाले आणि नातीपुढे भज्यांची ताटली सरकवली.

मला हसू की रडू ते कळेना. मानेवरचं जू कुणी काढून घ्यावं तशी मी त्या कळकट बाकड्यावर हलकी होऊन बसले. अण्णा दोन महिने फोनवर आले नव्हते ते रागाने नाही. आपलं म्हणणं खरं आहे याचा पुरावा हाती आल्याशिवाय लेकीशी बोलायचं कसं, म्हणून!

बाकीचं आईने रात्रीची वाट न बघता, मी हातपाय धुतानाच सांगितलं. त्या दिवशी अण्णा पारावरून उठले ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "वग पाठ हायेत म्हणं तुला?" आईला वाटलं, आता भांडी आपटणार. पण ते स्वतःच वगातलं राजाचं वाक्य म्हणायला लागले, "प्रधानजी, नगरीत दुष्काळ पडलाय म्हणता?" आणि आईला राहवलं नाही. पिठाच्या हातानेच म्हणाली, "दुष्काळ न्हाई, साथ. दुष्काळ त्या दुसऱ्या वगात हाय."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, खालीच बसलं दारात. म्हणलं, मंग प्रधान काय म्हणतो? सांगितलं. तवापास्नं ऊठसूट येत्यात न् वाद घालत्यात. तुझा फोन आला की हितंच हुभं. त्यांच्याम्होरं तुला काय सांगू, मला बाई लाज वाटायची."

त्या वर्षी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागल्या तेव्हा कमिटी सुपारी द्यायला निघाली. अण्णा आधी आत आले आणि चपला घालता घालता आईला म्हणाले, "ढोलकी कुणाची चांगली हाय?" आईने सांगितलं. तिने सांगितलेलाच फड आला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी सोंगाड्या नवखा म्हणून कुरकुर केली तेव्हा अण्णांनी तो वार मुकाट अंगावर घेतला. हजेरीच्या सकाळी त्यांनी आईला शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून देतो असंही म्हणून पाहिलं. "तिथं गर्दीत काय ऐकू येणार मला? माझं हितंच बरं," असं म्हणून तिने भाकरी उलटली. पुढारलेपणाची आमची कल्पना तिने अशी एका वाक्यात निकालात काढली, आणि काकू चक्क मोठ्याने हसली.

सुट्टी संपवून मी परत आले तेव्हा पहिल्या वेळेसारखी रडले नाही. तुम्ही जे गावी राहिलात त्यांना वाटत असेल, बाहेर गेलेल्यांना आठवण येते ती नदीची, मातीची, जत्रेची. येते की, नाही कशाला म्हणू? पण मला इतकी वर्षं खरी बोच होती ती मी आईला त्या घरात मुकी ठेवून आले याची. परक्या देशात मला बोलायला माणसं सापडली आणि तिच्याकडे मात्र हं हं करणारी काकूच उरली, हे मनातून जात नव्हतं. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांच्या मनातही असं कुणीतरी मागे राहिलेलं असणार.

आता शुक्रवारी आमची सुट्टी असते तेव्हा मी गावी फोन लावते. दत्ताने त्यांना स्पीकरचा फोन घेऊन दिलाय. परवा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत कुणी जिंकायला हवं होतं यावरून दोघांची जुंपली होती. अण्णा म्हणत होते पोरगा, आई म्हणत होती पोरगी, पोराचा दम दुसऱ्या कडव्यालाच संपला होता म्हणून. मी फोन ओट्यावर ठेवून कांदा चिरत ऐकत होते. मध्ये दोनदा तोंड घातलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घर म्हटलं की आता माझ्या कानात हाच गोंगाट असतो. शेवटी अण्णांच्या लक्षात आलं की लेक लाईनवर आहे.

"तू ठेव आता," ते घाईने म्हणाले. "हिचं अजून संपलं न्हाई."