संगमाची फरशी

पाटणच्या बसस्टँडमागे जयराजचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, पेढ्याच्या खोक्यांवरची लेबलं, सगळं तिथल्या एकाच संगणकावर होतं. गल्लीत परवा उगवलेल्या पुढाऱ्यांचे चेहरे जयराजनं गोरे करून दिलेत, कित्येकांच्या टकलावर केस उगवून दिलेत. अशा माणसाला गावात खरं तर मान असायला हवा. पण त्याचं नाव निघालं की लोक आधी गालातल्या गालात हसतात. त्याची बायको केंद्रीय पोलीस दलात, बंदूक घेऊन कुठल्या कुठल्या सीमेवर उभी, आणि तिच्या माघारी हा बाप्या पुठ्ठ्याचे चौकोन कापत बसतो, एवढं कारण गावाला पुरतं.

"बायकू बार्डरला आन् नवरा कातरकामाला," हे धुळा टपरीवाल्याचं आवडतं वाक्य. जयराजला त्याचा राग येत नाही. तो टपरीवर चहा घेतो, समोरच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे बघत राहतो आणि हातातला चहा निवून जातो. पवनचक्की चौकोनाच्या कोपऱ्यात बरी दिसेल की मधोमध, हा त्या वेळचा त्याच्यापुढचा प्रश्न असतो.

हे चौकोन म्हणजे एका परदेशी खेळाचे. कापडाच्या पिशवीत जाड पुठ्ठ्याच्या फरश्या भरलेल्या असतात. न बघता एक काढायची आणि आधी मांडलेल्यांना चिकटवून लावायची. रस्त्याला रस्ता भिडला पाहिजे, नदीला नदी, रानाला रान. पिशवी रिकामी झाली की डाव संपला. फासे नाहीत, पैजा नाहीत, कुणी कुणाला मारत नाही. हळूहळू समोर एक मुलूख तयार होत जातो, इतकंच.

खेळ आणला रेश्मानं. दोघांचं लग्न तसं उशिराच झालेलं. तिची नोकरी तोवर मुरली होती, आणि बर्फातल्या एका ठाण्यावर तिथल्या कुणीतरी तिला हा खेळ शिकवला होता. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तिनं पिशवी उघडली आणि दोघं दुपारच्या दुपार प्लायवूडच्या फळीवर मुलूख मांडत बसली. नव्यानं लग्न झालेली माणसं महाबळेश्वरला जातात. ही दोघं दिवाणावर मांडी घालून नद्या जुळवत होती.

ती निघाली त्या सकाळी डाव अर्धाच होता. जयराज फरश्या गोळा करायला लागला, तर तिनं त्याचा हात धरला.

"आवं, राहू दे तसाच. अर्धा टाकून गेलं की माणसाला यावंच लागतंय," ती म्हणाली. मग उंबऱ्यात थांबून नेहमीसारखं "येते" म्हणाली आणि गेली. निघणाऱ्यानं जाते म्हणायचं नसतं, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. अर्ध्या डावाचं मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि ते जयराजच्या मनात घट्ट बसलं.

फळी दिवाणाखाली गेली, वर जुनं धोतर. जयराजची आई रंगूबाई रोज झाडताना तिला वळसा घाली आणि रोज एकदा तरी म्हणे, "फरश्या बसवायची येवढी हौस हाय तर न्हाणीत बसीव की. तितं माजा पाय घसरतुय."

पुढच्या सुट्टीत डाव पुढे सरकला. त्याच्या पुढच्या सुट्टीत जयराजनं पिशवीत हात घातला आणि त्याच्या बोटांना तळ लागला. सरळ सांगायचं तर तो घाबरला. स्कूटरला कधी लिंबू-मिरची न बांधलेला हा माणूस. पण डाव संपला तर रेश्माला परत आणणारं घरात काय उरलं, या विचारानं त्याला जेवण जाईना. तो दुकानात गेला, पाठीचा रंग मूळ फरश्यांशी जुळवला, आणि हाताशी होता तो पुठ्ठा घेऊन स्वतःच फरश्या कापल्या. कोयनेचा पूल, धूर सोडणारं गुऱ्हाळ, पवनचक्क्या, उसाचे फड. आणि एक कराडच्या संगमाची. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र वळून निघून जातात. तशी फरशी मूळ खेळात नव्हती.

रेश्मानं पिशवीतून पुलाची फरशी काढली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"ह्यो आपला पूल."

"व्हय. हौशी लोक जगभर करत्यात अशा नव्या फरश्या. म्हटलं आपणबी करावं."

ती हसली. पण पिशवी हातात तोलून बघताना तिचं हसू जरा मावळलं. "अजून लय हायत व्हय?" तिनं विचारलं. "हायत की," जयराज खुशीत म्हणाला.

त्यानंतर तो त्या कामात पार बुडाला. एस.टी.च्या खिडकीशी बसला की बाहेरची जमीन आपोआप चौकोन-चौकोन होऊन मागे जायची. इथे पाट रस्त्याला ओलांडतो, म्हणजे दोन कडा रस्त्याच्या, दोन पाण्याच्या. इथे वीटभट्टी, तीन बाजूंनी रान. कधी डोळा लागायचा आणि सगळं खोरं तो वरून बघायचा. बैलगाड्या, देवळं, उसाचे तुरे, सगळं एकमेकांना अचूक जुळलेलं, आणि कुठल्यातरी रस्त्यानं पाठीवर सॅक घेतलेलं एक छोटं माणूस पाटणकडे चाललेलं. कंडक्टर खांद्याला हलवायचा तेव्हा त्याचं गाव मागे गेलेलं असायचं.

त्या फरश्यांची चित्रं त्यानं इंटरनेटवर टाकली, तर परदेशातली माणसं त्या छापून घेऊन खेळायला लागली. एका जर्मन बाईंनी कळवलं, बाकी सगळं सुंदर, पण नद्या अशा समोरासमोर येऊन भेटत नसतात. जयराजनं त्यांना कराडचा फोटो पाठवला. बाईंनी माफी मागितली आणि तेव्हापासून त्या दर महिन्याला नवा संच कधी म्हणून विचारू लागल्या.

एक अडचण मात्र होती. हातानं कापलेल्या त्या पहिल्या फरश्या अंमळ जाड झाल्या होत्या. पिशवीत बोटाला कळायच्या, आणि बोटाला कळलं की खेळात गंमत राहत नाही. त्यासाठी तो सांगलीला आदगोंडांकडे जाऊ लागला. आदगोंडा मिठाईचे खोके करतात. त्यांच्याकडे पुठ्ठा हवा तसा मिळतो आणि कापायचं यंत्र एका दाबात चौकोन पाडतं. पहिल्यांदा त्यांनी चष्म्यावरून बघत चौकशी केली.

"खेळात कोन मरतंय काय रं?"

"न्हाई अण्णा. नुसती जमीन लावायची."

"मग दे हिकडं. आमच्या जैनाच्या घरात मारामारीचं काय चालत न्हाई."

हळूहळू अण्णाच त्या नादाला लागले. एकदा म्हणाले, "गड्या, हळदीचं पेव घाल की एक." पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेलं कोठार. वरून बघणाऱ्याला नुसती माती दिसते. "आमच्या आप्पांनी भाव चढंल म्हनून पेव उघडलंच न्हाई. औंदा नगं, फुडच्या साली बघू. आन् मग महापूर आला, समदी हळद गेली. चित्रात तरी राहू दे." जयराजनं मान डोलावली. तोंड उघडं असलेलं पेव काढावं की मिटलेलं, याच विचारात तो बसला होता. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं.

अशा सुट्ट्यामागून सुट्ट्या गेल्या. फळीला दुसरी फळी जोडावी लागली. मांडलेल्या मुलखाच्या ऐन मधोमध एक जागा तेवढी रिकामी राहिली होती. डावीकडून एक नदी येऊन थांबलेली, उजवीकडून दुसरी, खाली तिसरा प्रवाह निघालेला. तिथे संगमाचीच फरशी बसणार होती, आणि ती काही केल्या पिशवीतून निघत नव्हती.

यंदा उसाची तोड सुरू झाली आणि रेश्माची सुट्टी ठरली. पिशवी पुन्हा हलकी झाली होती. जयराज सांगलीला गेला आणि तोवरचा सगळ्यात मोठा संच खोक्यात भरून घेऊन आला. आता काही वर्षं काळजी नाही, असं म्हणत त्यानं खोका दिवाणावर ठेवला आणि तिला आणायला कराडला गेला.

घरी आल्यावर रेश्मानं बूट काढले, सासूच्या पाया पडली, आणि तिची नजर खोक्यावर गेली. झाकण उचलून आत बघितलं आणि ती तशीच दिवाणावर बसली. बंदुकीला न भिणारी ही बाई, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अगं, काय झालं?" जयराज गडबडला.

"आवं, किती? आणि किती करणार हायसा तुमी?"

"का? आवडत न्हाईत?"

"आवडत्यात. लय आवडत्यात." तिनं पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले. "पहिल्या सुट्टीला जाताना मी मनाशी धरलं हुतं. ह्यो डाव संपला की नोकरी सोडायची आन् घरी यायचं. मनाशी धरलेलं बोलून दाखवायचं नसतंय, म्हनून बोलले न्हाई. आन् दर खेपेला येऊन बघते तर पिशवी भरलेली."

जयराज तिच्याशेजारी बसला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "मी घरी आलेली तुमाला नगं हाय."

इतकी वर्षं पुठ्ठ्यावर कोरलेला सगळा मुलूख त्या एका वाक्यानं त्याच्या डोळ्यांपुढे उलटा झाला. त्याला बोलायचं होतं खूप. तोंडातून निघालं एवढंच, "अगं, डाव संपला तर तू येणार न्हाईस म्हनून मी..." एवढं बोलून त्यानं खोक्याचं झाकण लावून टाकलं. रेश्माला पुन्हा रडू आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम.

"दोगंबी येडी," स्वयंपाकघरातून रंगूबाईचा आवाज आला. "च्या निवतुय."

खोका माळ्यावर गेला. "अण्णांची हळद तेवढी घिऊया, एवढं हौसेनं सांगितलंय त्येनी," म्हणून रेश्मानं पेवाची फरशी काढून ठेवली आणि पहिल्याच दुपारी ती रानाच्या कडेला लावून टाकली. मग रोज दुपारी दोघं खेळत राहिली. जाळीतून ऊन फळीवर यायचं आणि कोयनेच्या पुलावरून सरकत संध्याकाळपर्यंत गुऱ्हाळाशी पोचायचं. पिशवी हलकी होत गेली. जयराजची नजर अजून माळ्यावरच्या खोक्याकडे जायची, नाही असं नाही, पण आता त्यानं हात आवरला होता.

शेवटी पिशवीत एकच फरशी राहिली. पाळी रेश्माची होती. तिनं आत हात घातला आणि बाहेर काढलाच नाही.

"कुठली हाय मला ठाव हाय," ती म्हणाली. "संगमाची. तुमच्या हातची हाय, जाड हाय. बाकीच्या जाड समद्या कवाच लागल्या. दर येळेला बोटाला लागायची आन् मी बाजूला सारायची. म्हटलं, ही शेवटाला. घरी येताना."

निवृत्तीचा अर्ज घेऊन, सामानसुमान सोपवून यायला तिला एकदा परत जावंच लागणार होतं. निघायच्या सकाळी तिनं गणवेशाच्या खिशात ती फरशी ठेवली, वरून बटण लावलं आणि एकदा चाचपून बघितलं. उंबऱ्यात थांबून "येते" म्हणाली. जयराज बसपर्यंत गेला. धुळानं टपरीतून हाक मारली, पण कातरकामाचं काही बोलला नाही, नुसता दोन चहा घेऊन रस्ता ओलांडून आला.

दुकानात आल्यावर जयराजनं संगणक उघडला. जर्मन बाईंचा निरोप आलाच होता, नवा संच कधी? त्यानं लिहिलं, आता नवा संच नाही, आमचा डाव एका फरशीवर आला आहे. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स अर्धा राहिला होता तो पुरा करून दिला.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं दिवाणाखालची फळी बाहेर ओढली आणि वरचं धोतर काढलं. मधली जागा रिकामी होती. दोन्हीकडच्या नद्या तिच्या कडेला येऊन थांबल्या होत्या. त्यानं बोटानं तिथली धूळ पुसली, आणि धोतर घडी करून आईकडे दिलं.

"झाकायचं न्हाई व्हय रं?" रंगूबाईनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ती आता येतीयाच."