मे महिन्यातलं आजारपण

त्या उन्हाळ्यात मी जिथे जिथे काम मागायला गेले, तिथे पहिला प्रश्न एकच. शिक्षण किती, कॉम्प्युटर येतो का, हे सगळं नंतर. आधी, "गाव कुठलं?" मी मालवणजवळचं आमचं गाव सांगायची आणि समोरच्याचा चेहरा पडायचा.

त्यांचंही काही चुकत नव्हतं. मे महिना लागला की कोकणातला माणूस गावाला जातो म्हणजे जातोच. रजा मिळाली तर रजा घेऊन, नाही मिळाली तर गावच्या कुणाला तरी आजारी पाडून. "आजोबा सीरियस आहेत" हे आमचं पिढीजात वाक्य. माझे आजोबा तर अभिमानाने सांगायचे, की गिरणीत होते तेव्हा मे उजाडला की त्यांच्या वडिलांची तब्येत हमखास ढासळायची. "माझो बापूस थंय माडार चढलेलो, आणि मी हय मुकादमासमोर रडतंय!" हे सांगून ते स्वतःच इतके हसायचे की त्यांना खोकला लागायचा. गिरणी बंद पडल्यावर ते गावी जाऊन राहिले. दर मे महिन्यात मी गेले की तीच गोष्ट पुन्हा.

पण त्या वर्षी मला जायचं नव्हतं. बाबांची नोकरी कंत्राटावर गेली होती आणि शेवटच्या वर्षाची फी माझी मी भरीन, असं मी मोठ्या तोऱ्यात घरी सांगून बसले होते. बोलायला काय जातं! सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, आणि त्यानंतर पाठीवर जर्नलांची बॅग घेऊन दुकानांचे उंबरठे झिजवायचे. लालबागच्या मसालेवाल्याने मिरच्यांच्या ढिगाआडून हात जोडले. गिरगावातल्या क्लासवाल्या बाईंनी पाणी दिलं, काम नाही दिलं. नायगावच्या आमच्या चाळीत परत येईपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर डोळा लागायचा.

शेवटी लेक्चरं संपल्यावर दादरच्या एका साड्यांच्या दुकानात जमलं. लग्नसराई होती, बस्त्याची गर्दी होती, शेठना माणूस हवंच होतं. तरी त्यांनी बजावलं, "मे महिन्यात आजोबा आजारी पडणार नाहीत ना?"

"नाही पडणार," मी म्हटलं. तेव्हा हसूही आलं होतं.

काम सोपं आणि जीवघेणं होतं. बसायचं नाही. गिऱ्हाईक गादीवर ऐसपैस बसणार, चहा पिणार, आणि आपण उभ्याने शालू खांद्यावर टाकून दाखवायचा. नवरी गप्प, नवरीची आई खूश, आत्या नाराज. मग दुसरा शालू. माझ्या अंगावर दिवसभरात इतके पदर पडायचे की घरी गेल्यावर ओढणीसुद्धा नकोशी व्हायची. मधल्या सुट्टीत मागच्या गोदामात साड्यांच्या खोक्यांवर बसून मी व्हायवाची तयारी करायची. व्हायवा झाली, ती कशी झाली ते विचारू नये.

आणि मग आजोबा खरंच आजारी पडले.

आई-बाबा लगेच निघाले. मला बाबा म्हणाले, "तू विचारून बघ, जमलं तर ये." दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी शेठसमोर उभी राहिले. वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला कळलं, की हे किती खोटं वाटतंय. "शेठ, आजोबा सीरियस आहेत. दोन दिवस जाऊन येते."

शेठ रागावले नाहीत, तेच वाईट झालं. ते खदखदून हसले. काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आला बरं का कोकणचा फोन! मी म्हटलं यंदा उशीर कसा झाला?" मग समजुतीच्या सुरात, "जायचं तर जा बेटा, पण मग परत येऊ नकोस. सीझन आहे."

मी आणखी काही बोलू शकले असते. बाबांना फोन लावून दिला असता, रडले असते. पण रडण्याचीही आमच्यात परंपरा होती, तेही त्यांनी पाहिलेलं होतं. मी साड्यांच्या घड्या घालायला लागले. संध्याकाळी आईने आजोबांच्या कानाशी फोन धरला. ते कसेबसे एवढंच म्हणाले, "आंबे पिकले हत गो. कधी येतलंस?" मी म्हटलं, सीझन संपला की येते. म्हाताऱ्याला मी दुकानाचा सीझन सांगत होते. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

दोन दिवसांनी भर दुपारी शेजारच्या काकू दुकानाच्या दारात दिसल्या. आत बस्ता चाललेला पाहून त्या पायरीवरच थांबल्या आणि मला हाताने बाहेर बोलावलं. लग्नाच्या कपड्यांसमोर अशी बातमी कुणी बोलत नाही. बाहेर त्यांनी माझा हात धरला. "आजोबा गेले गं. तुझा फोन लागत नव्हता."

मी पिशवी घ्यायला आत आले. शेठनी सवयीने हाक मारली, "तो डाळिंबी शालू घे गं, ताईंना अंगावर टाकून दाखव." नवरी माझ्याकडेच बघत होती. माझ्याच वयाची असेल. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. शेठजवळ जाऊन अगदी हळू म्हटलं, "मला सुतक आहे."

या वेळी ते हसले नाहीत. समोरचा साड्यांचा ढीग त्यांनी स्वतः ओढून माझ्यापासून लांब केला. आजारपणाची थाप कुणीही मारतं, पण बस्त्याच्या गादीशी उभं राहून सुतक कुणी खोटं सांगत नाही, हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याबरोबर दारापर्यंत आले. चेहरा खरोखर उतरला होता त्यांचा.

"आजोबा का?"

मी मान हलवली.

"अगं, मग आजारी होते तेव्हाच नाही का सांगायचं? मी काय नाही म्हटलं असतं?"

मी चपला शोधत होते. सापडल्या तशा पायात घातल्या आणि काकूंच्या मागोमाग पायऱ्या उतरले.