धुराखालचा वास

अण्णा, म्हणजे माझे वडील, सिंगापूरला आले त्या वर्षी सगळ्या शहरावर धूर होता. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. समुद्रापलीकडच्या बेटांवर रानं जळत होती आणि वारा तो धूर आमच्या डोक्यावर आणून टाकत होता. समोरचा ब्लॉक भरदुपारी पुसट व्हायचा. सूर्य तांबडा आणि इतका निस्तेज की त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. विमानतळाबाहेर आल्या आल्या अण्णांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कुणाची तरी भाजावळ चाललेली दिसते."

आमच्याकडे कोकणात पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून जाळतात, ती भाजावळ. मला हसू आलं. देश बदलला तरी अण्णा त्यांच्या गावातच उतरले होते. ते "दिसते" म्हणाले, याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

त्यांना मी बोलावून घेतलं होतं, कारण माझा जीव टांगणीला लागला होता. नवरा जहाजावर इंजिनीअर, एकदा गेला की महिनोन् महिने समुद्रावर. मी अलेक्झांड्रा भागातल्या एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहीत होते. मुलगी दीड वर्षाची. तिला सांभाळणारी बाई घरच्या अडचणीमुळे तिच्या देशी निघून गेली आणि नोकरी सोडायची की काय, अशी पाळी आली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा गावात एकटेच राहत होते, स्वतःचं रांधून खात होते. नवऱ्याने बंदरावरून फोन केला तेव्हा मी विचारलं, अण्णांना आणू का? तो म्हणाला, "तुझा जीव राहील का ऑफिसात?" प्रश्न बरोबर होता. माझा जीव आजही कुठे राहत नाही.

अण्णा शाळामास्तर, पण गावात त्यांची ओळख होती ती नाकामुळे. आढीतला कुठला आंबा उद्या पिकणार ते पेंढा न उचलता सांगायचे. आणि शिकार. पिकांची नासधूस होते म्हणून त्यांना ठासणीच्या बंदुकीचं लायसन मिळालं होतं. शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक ठाण्यात जमा झाली, तेव्हा मी लहान होते. पण त्या शिकारीवरचा वाद आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालला होता. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला माझे मामा.

मामांचं म्हणणं, भेकराला फसवायचं तर धूर हवा. ते शिकारीला जायच्या आधी सदरा चुलीवरच्या माळ्यात टांगून ठेवायचे, वर ओल्या पाल्याची धुरी घ्यायचे. भाजावळीच्या दिवसांत रानाला धुराची सवय असते, माणसाचा वास त्याच्याखाली झाकला जातो, असा त्यांचा हिशेब. अण्णांना हे अजिबात पटायचं नाही. "अहो, सवय असते म्हणूनच!" ते मामांना म्हणायचे. "जनावर धूर बाजूला काढून ठेवतं आणि खाली काय उरलं ते हुंगतं. तुम्ही त्याला दोन वास देता, एक धुराचा आणि एक तुमचा." अण्णा चिमूटभर राख बोटांतून सोडायचे, ती कुठे वाहते ते बघायचे आणि वारा आपल्या तोंडावर येईल अशा अंगाला जाऊन बसायचे. मामांना एकदा धुरकट सदऱ्यात भेकर मिळालं, त्यावर त्यांनी जन्मभर मिशीला पीळ दिला. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "त्या दिवशी वारा तुमच्या बाजूने होता."

तर असे हे धुराला नावं ठेवणारे अण्णा. आणि क्वीन्सटाउनच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये येऊन आठवडा होतो न होतो, तोच त्यांनी घरात धूप जाळायला सुरुवात केली.

सुरुवातीला फक्त दिवेलागणीला. धुपाचा डबा त्यांनी गावाहूनच आणला होता. मग सकाळी. मग मी दारातून आत शिरावं तेव्हा केव्हाही. बाहेरचा धूर नको म्हणून खिडक्या बंद, आणि आत हा धूर. मुलगी खोकायची. मी म्हटलं, "अण्णा, पोरीला त्रास होतो हो." ते म्हणाले, "बाहेरचा कुबट वास येतो ना आत, तो जातो याने." आवाज शांत, नजर दुसरीकडे. शेजारची चिनी आंटी, जी स्वतः रोज गॅलरीत उदबत्त्या लावायची, तीसुद्धा एकदा मला लिफ्टपाशी म्हणाली, "युअर फादर एव्हरी डे बर्न, लाह. मॉर्निंग ऑल्सो, आफ्टरनून ऑल्सो. आउटसाइड स्मोक, इनसाइड ऑल्सो स्मोक."

माझ्या मनात संशय शिरला तो तेव्हा. अण्णा पूर्वी विड्या ओढायचे. छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी त्या सोडायला लावल्या होत्या. इथे मिळत नाहीत असं नाही, भारतीयांच्या बाजारात हवं ते मिळतं. धुपाखाली विडी, दुसरं काय असणार? स्वतःच मामांना हसणारा माणूस आता मामांचीच युक्ती माझ्यावर करत होता, आणि मला भेकराएवढंही नाक नाही असं समजत होता. रागाने माझा जळफळाट झाला.

मग मी पाळत ठेवायला लागले. धुवायला टाकलेले त्यांचे सदरे हुंगले. काड्यापेटी किती भरभर संपते ते पाहिलं. विडीचं थोटूक कुठे मिळेना. मात्र दुसरंच काय काय दिसत होतं आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. दुधाचं पातेलं रोज चिंचेने घासून लख्ख केलेलं असायचं. एकदा माझ्याकडून आमटी करपली, मला पहिला घास गिळवेना आणि अण्णा म्हणाले, "छान झालीय गो." एकदा मी आले तेव्हा पोरीचा लंगोट कधीचा भरलेला होता आणि ती त्यांच्याच मांडीवर होती. मी फाडकन बोलले. अण्णा उठले आणि पाणी गरम करायला गेले.

ऑफिसात माझं लक्ष लागेना. विडी ओढता ओढता त्यांना झटका आला तर? विडी पेटती राहिली आणि पोर जवळ गेली तर? घरी फोन करावा तर अण्णा दोन शब्दांत संपवायचे, "सगळं बरं आहे." शेवटी एका दुपारी डोकं दुखतंय असं सांगून मी लवकर निघाले. बाप विडी ओढताना रंगेहाथ सापडला की त्याला काय काय सुनवायचं, ते बसमध्ये मनाशी जुळवत होते.

आमचा मजला लांबलचक सामाईक गॅलरीचा. लिफ्ट एका टोकाला, जिना दुसऱ्या टोकाला. लिफ्टचा आवाज घरात ऐकू येतो म्हणून मी जिना धरला. वर आल्यावर वारा कुठून येतो ते पाहिलं. आंटीच्या उदबत्तीचा धूर माझ्याकडे येत होता, म्हणजे आमच्या घरावरून येणारा वारा माझ्या तोंडावर होता. अण्णांच्या भाषेत मी बरोबर जागी होते. मनात आलं, शिकवलंय त्यांनीच. चपला हातात घेतल्या आणि निघाले.

आधी रानाचा तो कडवट धूर, त्याला आम्ही सगळेच सरावलो होतो. मग आमच्या खिडकीपाशी धूप, सकाळचा, विझलेला. आणि मग त्याच्याखालून तिसरा वास आला. मी थबकले. विडीचा नव्हता. काही क्षण मला तो ओळखताच आला नाही. गॅस.

खिडकीच्या काचेच्या पट्ट्या बंद होत्या, पण त्या कधी धड बसायच्याच नाहीत. आत पाहिलं. पोर चटईवर वाट्या आपटत बसली होती. स्वयंपाकघराच्या दारातून शेगडी दिसत होती, त्यावर उतू गेलेलं दूध आणि खाली ज्योत नाही. आणि अण्णा देवाच्या फळीसमोर उभे होते. एका हातात धुपाची वाटी, दुसऱ्या हातात काड्यापेटी. काडी बाहेर काढलेली.

"अण्णा! काडी ओढू नका!" मी काचेवर थापा मारत किंचाळले. "काही लावू नका, दिवासुद्धा नको! गॅस आहे घरात!"

ते जागच्या जागी थिजले. बोटसुद्धा हललं नाही. मग त्यांनी काड्यापेटी अलगद खाली ठेवली, सरळ जाऊन शेगडीचं बटण फिरवलं आणि पोरीला उचलून दार उघडलं. घाईत बाहेरच्या जाळीच्या दाराच्या कुलपात माझी किल्ली जाईना. आंटी धावत आली, तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं.

सगळ्या खिडक्या उघडून आम्ही बाहेर गॅलरीत उभे राहिलो. पोर माझ्या कडेवर. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, त्यातला संताप आधी बाहेर पडला. "इतका वास येतोय! गॅलरीत येतोय! तुम्ही आत होतात, अण्णा. पोर होती. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मला वास आला नाही."

"कसा नाही आला?"

"कुठलाच येत नाही," अण्णा म्हणाले. "गेल्या साली तो ताप आला होता ना, तेव्हापासून. वाटलं परत येईल. नाही आला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझे अण्णा, आणि वास येत नाही? "मग हा धूप?"

अण्णा खाली लिफ्टकडून येणाऱ्या माणसांकडे बघत म्हणाले, "दूध लागलं की मला कळत नाही. पोरीने घाण केली तरी पाहिल्याशिवाय कळत नाही. तू घरी येतेस, दारातच नाक वर करतेस, तुझ्या आईसारखी. घरात कसला वास येत असेल ते मला ठाऊक नसतं. म्हणून सगळ्यावरच धूप. तुला कळलं असतं तर तू मला परत पाठवलं असतंस. तिथे आता कोण आहे, बाय?"

त्यांना इथे राहायचं आहे, हे ते पहिल्यांदाच बोलले होते. इतके दिवस मला वाटायचं, माझ्या अडचणीला धावून आलेत आणि दिवस मोजतायत.

त्यांना मी परत पाठवलं नाही, पण पोरीला त्यांच्या एकट्याच्या भरवशावर पुन्हा ठेवलंही नाही. ब्लॉकखालच्या चाइल्डकेअरमध्ये तिची सोय झाली. रोज सकाळी निघताना मी गॅसचा मुख्य खटका बंद करायचे आणि चहा थर्मासमध्ये भरून ठेवायचे. अण्णा ते बघायचे आणि पेपर वाचत असल्यासारखं करायचे. त्यांच्या व्हिजिट पासची मुदत संपेपर्यंत आम्ही असेच राहिलो. तो खटका फिरवताना मला रोज वाईट वाटायचं आणि तरी मी एकदाही तो फिरवायचा चुकले नाही.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी गॅस निघून गेला तरी मला आत जायचा धीर होईना. उघड्या खिडक्यांतून रानाचा धूर खुशाल घरात येत होता. आम्ही उंबऱ्यापाशीच बसलो. आंटीने पोरीसाठी कांजीचा वाडगा आणून दिला होता, तो खाऊन ती अण्णांच्या मांडीवर पेंगायला लागली होती. तिला त्यांच्यापासून काढून घ्यावं असं मला वाटत होतं. काढून घेतलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामा जिंकले असते आज. धुपाखाली तुम्ही मला इतके दिवस फसवलंत."

"कुठे फसवलं?" अण्णा म्हणाले. "तू आलीसच ना जिन्याने."

लिफ्टचा आवाज नाही, पायांत चपला नाहीत; त्यांना सगळं कळलं होतं. पोरीचं डोकं त्यांनी दोन्ही हातांनी सावरलं, वाकून तिच्या टाळूला नाक टेकवलं आणि तसेच राहिले. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी मला हाक मारली.

"बाय, जरा बघ गो. हिच्या टाळूचा वास कसा येतो? मी आल्यापासून विचारीन म्हणतोय."

मी वाकले. आमची डोकी एकमेकांना लागली. तिच्या केसांत त्या दिवसाचा सगळा धूर बसला होता, रानाचा आणि धुपाचाही. मी डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"धुराचा येतोय," मी म्हटलं. "आणि खाली तिचा. खोबरेल, दूध, आणि घामेजलेलं काहीतरी गोड. स्पष्ट येतोय, अण्णा."

"म्हणजे झाकला गेला नाही."

"नाही गेला."

"तेच मी तुझ्या मामाला सांगत होतो," अण्णा म्हणाले, आणि तिच्या टाळूवर नाक टेकवून त्यांनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.