गावाला गेलेत

परळला आरोग्याच्या आकडेवारीचं उन्हाळी प्रशिक्षण होतं. मी पुण्याहून एका दिवसापुरता शिकवायला गेलो होतो. पहिल्या बाकावर एक मुलगी केसांत पेन्सिल खोचून बसली होती.

पडद्यावरच्या तक्त्यातले लालबागचे मधुमेहाचे बरेच रुग्ण गेल्या वर्षी मे महिन्यात तपासणीला आलेच नव्हते. "यांनी उपचार सोडले," मी म्हणालो.

तिनं पेन्सिल उपसली. "सोडले काय, सर! मे महिन्यात आमचं अख्खं लालबाग कोकणात असतं. गोळ्या पिशवीत घालून गावाला गेलेत. जून बघा ना!"

जून उघडला. बहुतेक सगळे परत आले होते. तिनं पेन्सिल पुन्हा केसांत खोचली.

तिचं नाव विचारायचं राहिलं. पण आता दर उन्हाळ्यात नव्या मुलांसमोर त्या रिकाम्या मे महिन्यावर मी ऐटीत लिहितो, 'गावाला गेलेत', आणि सांगतो, "हे माझ्या विद्यार्थिनीनं मला शिकवलंय."