पंचवीस पावलं

आमच्या कॉलेजात फक्कीकाकांचं खरं नाव हजेरीपटापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. जिमखान्याचे शिपाई म्हणून ते लागले तेव्हा कामं तीन होती: जाळ्या बांधायच्या, चेंडूंत हवा भरायची आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या. पहिली दोन पुढे कुणीकुणी वाटून घेतली. तिसरं कुणाला जमलं नाही. फक्की मारायची म्हणजे डब्यातली चुन्याची भुकटी ताणलेल्या दोरीच्या कडेने सोडत जायची, एवढंच. पण एकदा करून बघा. मी बघितलंय. माझी रेघ बघून काका म्हणाले होते, "सर, नदी छान काढलीत." मी भूगोल शिकवतो, म्हणून हा टोमणा.

एकतीस वर्षं हा माणूस वाकूनच चालला. आता सरळ उभे राहिले तरी किंचित वाकलेलेच दिसतात. कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा आणि खिशात मोजायची टेप. ती टेप घरीही खिशातून निघत नाही. काकू वैतागून सांगतात, "लोक आरशात बघून भांग पाडतात, आमच्याकडे मोजून पाडतात." कुणी 'अंदाजे' म्हटलं की काकांच्या कपाळावर आठ्या. "अंदाज पावसाचा घ्यावा, मैदानाचा नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे आसपासच्या कॉलेजांचा रिलेचा मेळावा कुठेही भरो, रेघा मारायचं बोलावणं काकांनाच. त्यांचं स्वतःचं कॉलेज त्याच रेघांमधून पळणार असतं, पण त्यावर कुणी कधी हरकत घेतली नाही.

यंदाचा मेळावा त्यांचा शेवटचा. दोन महिन्यांनी निवृत्ती होती. मीही काही ताजातवाना नव्हतो. आठ वर्षांपूर्वी एका मीटिंगला मी गैरहजर राहिलो आणि संघाचा मॅनेजर म्हणून हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलं, ते अजून निघालेलं नाही. मॅनेजर म्हणजे केळी मोजणे, ओळखपत्रं सांभाळणे आणि हरल्यावर "पुढच्या वर्षी बघू" म्हणणे.

पण या वेळी तेही म्हणता येणार नव्हतं. मुलींच्या चार बाय शंभरच्या संघात शेवटचा टप्पा पळणारी मुलगी शेवटच्या वर्षाला होती. पहिल्या दोनांत आलेले संघ पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार, आणि त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तरच तिला क्रीडाशिक्षकांच्या कॉलेजात जागा मिळणार होती. मार्कांवर मिळणं कठीण होतं. भूगोलाचे तिचे पेपर मीच तपासले आहेत. आता नाही तर कधीच नाही, असा मामला. ही मुलगी काकांच्या बहिणीची. चार वर्षं शिकायला त्यांच्याकडेच राहत होती. संघातल्या बाकीच्या मुली त्यांना काका म्हणायच्या, ही एकटी मामा.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी काका माझ्याकडे आले. चेहऱ्यावर चोरून लाडू खाल्लेल्या मुलासारखं हसू. हातात खोकं. पोरीला पळायचे खिळ्यांचे बूट घेतले होते. तिचे जुने बूट तळाकडून आ वासायला लागले होते, पण विचारलं की "चालतात मामा, चांगले आहेत" एवढंच.

"तिला न विचारता माप कसं मिळवलं?" मी म्हटलं.

"ताज्या फक्कीवरनं चालत गेली परवा. ठसा उमटला ना! टेप लावली." काका इतके खूश होते की मीही कौतुकाने मान हलवली.

बूट बघून पोरीचे डोळे भरले. नवे बूट स्पर्धेलाच घालीन म्हणाली आणि खोकं कपाटात ठेवून दिलं. सराव जुन्याच बुटांत चालू राहिला.

आता रिलेतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बॅटन घेणारी मुलगी मागे बघत उभी राहत नाही. ती आपल्या जागेपासून मागे पावलाला पाऊल चिकटवून मोजते, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि तिथे जमिनीवर खूण करते. मागून येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की ही सुटते, मान पुढे करून, जीव तोडून. मागचीने तीस मीटरच्या पट्ट्याच्या आत तिला गाठून हातात बॅटन द्यायचं. खूण जवळ पडली तर दोघी एकमेकींवर आदळतात, लांब पडली तर मागची पोचतच नाही. आमच्या पोरीचा आकडा होता पंचवीस पावलं. महिनाभर घासून घासून तो काढला होता. झोपेतून उठवून विचारलं तरी पंचवीस सांगितलं असतं.

मेळाव्याच्या ठिकाणी काका एक दिवस आधीच गेले. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा आठही लेन आखून तयार, आणि काका मैदानाच्या कडेला पाय पसरून बसलेले. उठताना त्यांना दोन प्रयत्न करावे लागले.

सकाळ आमची जशी जायची तशीच गेली. मुलांनी दुसऱ्याच बदलाला बॅटन पाडलं आणि मग एकमेकांकडे असं बघत राहिले, जणू ते तिसऱ्याच कुणाच्या हातातून पडलं. मुलींच्या चार बाय चारशेत सहा संघ होते, आम्ही पाचवे. मुलांच्या लांब रिलेत चौथे. मी केळी वाटली.

चार बाय शंभरच्या प्राथमिक फेरीत मात्र आमच्या चौघी पळाल्या, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बदल इतके नेटके की बॅटन आपणहून पुढे चाललंय असं वाटावं. दोन्ही गटांत मिळून वेळ पहिली. सकाळी तिने जुनेच बूट घातले होते, नवे अंतिम फेरीला जपून ठेवायचे म्हणून. शेवटची रेघ ओलांडली आणि उजव्या बुटाचा तळ लोंबायला लागला. ती तो हातात घेऊन लंगडत हसत आली. "बघा सर, बिचाऱ्याने शेवटपर्यंत साथ दिली."

दुपारपर्यंत खिळ्यांच्या बुटांनी रेघा पार तुडवल्या गेल्या. जेवणाच्या सुट्टीत काका पुन्हा वाकले. मी म्हटलं, "काका, दिसतायत की अजून." ते म्हणाले, "तुम्हाला दिसतायत. पळणाऱ्याला दिसायला पाहिजेत." सगळं झाडून त्यांनी बदलाचे पट्टे नव्याने आखले. झाडताना सकाळच्या खुणाही गेल्या, सगळ्याच संघांच्या. त्यात काही विशेष नव्हतं. अंतिम फेरीआधी सगळ्या मुली आपापली पावलं टाकून खुणा परत करायला लागल्या. आमच्या पोरीनेही केली. ओठ हलताना मला दिसत होते. चोवीस, पंचवीस. चिमूटभर फक्की.

शर्यत सुटली. पहिला बदल छान, दुसरा त्याहून छान. तिसरी मुलगी वळणावरून आली तेव्हा आम्ही दोन हात पुढे होतो. तिचा पाय खुणेवर पडला, आमची पोर सुटली. आणि मग गणित बिघडलं. मागची हात लांब करतेय, पुढचीचा हात मागे तयार आहे, मध्ये वीतभर हवा. ती वीत काही मिटेना. "घे, घे!" असं ती रडल्यासारखी ओरडली तेव्हा कुठे पुढची थबकली, बॅटन हातात आलं आणि ती अशी पळाली की दुसरी आली. पण मागे पट्ट्याच्या कडेला लाल झेंडा वर झाला होता. बॅटन रेघेपलीकडे बदललं होतं. संघ बाद.

मुली गवतावर बसल्या. तिसरी रडत होती, "मीच कमी पडले, मीच कमी पडले." आमची पोर रडत नव्हती. दोन्ही हातांत बॅटन धरून ती खाली बघत होती.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. मी काकांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काका, दुपारी तुम्ही दमला होता. एखादी रेघ थोडी इकडची तिकडे झाली असेल. तसं असेल तर शर्यत पुन्हा घ्यावी लागते." काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. एकतीस वर्षांत त्यांना कुणी असलं काही बोललं नव्हतं. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं. मग टोपी सारखी केली आणि मुख्य पंचबाईंच्या टेबलाकडे चालू लागले. मी मागोमाग.

"बाई," ते म्हणाले, "तिसऱ्या बदलाची रेघ माझी चुकलीय. दुपारी घाईत मारली. पोरींची चूक नाही."

पंचबाई वीस वर्षं काकांना ओळखत होत्या. त्या आधी मोकळेपणी हसल्या. "काका, तुमची रेघ? आणि चुकली? थट्टा करताय होय माझी?"

"नाही बाई. चुकलीय. मोजून बघा."

हे 'मोजून बघा' त्यांच्या तोंडून सवयीने गेलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. पंचबाईंचा चेहरा गंभीर झाला. त्या उठल्या, दोन पंच बरोबर घेतले, काकांचीच टेप मागून घेतली. काका एक टोक धरून बसले, गुडघ्यावर. टेप ताणली गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे एक वाकडी रेघ मागितली, आणि मला वाटतं काकांनीही तेच मागितलं असावं.

तीस मीटर. बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही.

पंचबाईंनी टेप गुंडाळून काकांच्या हातात ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, सावलीत बसा जरा. पाणी प्या." दोन्ही पंच दुसरीकडे बघत होते. काका उठायला लागले, त्यांना जमेना, मी हात दिला. त्या माणसाने जन्मात एकच खोटं सांगितलं आणि त्याच्याच रेघेने ते उघडं पाडलं. मला स्वतःच्या जिभेचा संताप आला.

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं आत येत होतं. मुली एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपल्या होत्या. काका खिडकीशी, शेजारी भाची, पलीकडच्या बाकावर मी. तिने नवे बूट काढले, त्यांच्या पुढच्या टोकात बोटं घातली आणि कापसाचे दोन मोठे बोळे बाहेर काढून मुकाट्याने पिशवीत टाकायला लागली.

"ते काय गं?" काका म्हणाले.

"काही नाही मामा."

काकांनी एक बूट हातात घेतला. उलटा केला. मग पिशवीतून तिचा तळ सुटलेला जुना बूट काढला आणि दोघांचे तळ एकमेकांना लावले. नवा बोटभर पुढे आला. बसमध्ये गचके बसत होते, तरी त्यांनी टेप काढून दोन्ही मोजले. फरक दोन सेंटिमीटर. मला आता कुठे उजेड पडला. फक्कीवरचा ठसा बुटाच्या तळाचा होता, पायाचा नाही. तेवढ्या लांबीचा पाय धरून दुकानदाराने जोड दिला, आणि त्या जोडाला स्वतःचा तळ आणखी होताच.

"पावलं किती टाकलीस आज?" काकांनी विचारलं.

"पंचवीस. नेहमीचीच."

"हे घालून?"

तिने मान हलवली. काकांचे ओठ हलले. पंचवीस दुणे पन्नास. खूण अर्धा मीटर मागे पडली होती. पोर अर्धा मीटर आधी सुटली होती, आणि ती वीत शेवटपर्यंत मिटली नव्हती. तिलाही ते त्याच क्षणी कळलं, कारण तिने पटकन बूट त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि मांडीवर धरून बसली.

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"सैल होतात, एवढं एकदा सांगायचंस तरी," ते म्हणाले. "बदलून आणले असते."

"मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय मामा," ती म्हणाली. "तुम्ही मोजून आणले होते ना."