सखाराम मिस्त्रींचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या देवापुढे रोज हात जोडतो त्यालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर त्याचं तो बघेल. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. बसा जरा. सांगायला घेतलं एवढ्यानंच बरं वाटतंय.

गोष्ट मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातली, मलकापूरच्या एका जिनातली, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातली. जिनाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप, आणि त्यात लोखंड कातायचा एकच विलायती लेथ. लेथवर सखाराम मिस्त्री. शेजारच्या बाकावर कानस घासत मी — नऊ वर्षं. धामणगाव बढ्याहून आलो तेव्हा मिस्त्रींनीच मला कामाला लावलं होतं. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलो असेन? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात ना, तो मी.

राग कशाचा होता? सांगायला लाज वाटते, इतकी छोटी गोष्ट. एकदा मॅनेजरनं विचारलं, मिस्त्रींनंतर लेथ कोण चालवेल, वामन का? वामन म्हणजे मी. मिस्त्री हसत म्हणाले, वामनचा हात कानशीचा, लेथचा नाही. थट्टाच होती. सगळे हसले, मीही हसलो. पण ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही — आणि खरं सांगू? मला लेथ हवाच होता.

आता पिनेचं सांगतो. लेथचं हत्यार पुढे सरकवणारा जो लांब दांडा असतो, तो गिअरशी एका पितळेच्या पिनेनं जोडलेला. मुद्दाम नरम पितळ. हत्यार लोखंडात कुठं अडलं, कुणी हावरटपणे जास्त खोल काप घेतला, की आधी ती पिन तुटते आणि गिअरचे दात वाचतात. म्हणून पिन वारंवार तुटली की सगळ्यांना कळायचं — चालवणाऱ्याचा हात चुकतोय. मिस्त्रींच्या हाताखाली एक पिन अख्खा हंगाम जायची.

नव्या पिना करायचं काम माझं. तुटलेली ठोकून काढायचं, नवी बसवायचं कामही माझंच.

हं. आता आलं.

त्या हंगामात मी पिना कापल्या — भोवती कानशीनं बारीक खाच पाडली, निम्म्यापर्यंत. खाचेत ग्रीस भरलं. खाच भोकाच्या आत जायची, दिसायची नाही. पहिली पिन चार दिवसांत तुटली. दुसरी तीन. मिस्त्रींनी काप हलका केला, आणखी हलका केला, तरी तुटायची, आणि प्रत्येक वेळी काम थांबायचं. तुकडे मी लगेच भंगारात टाकायचो. त्यांनी एकदाही तुकडा हातात मागितला नाही. माझ्यावर संशय घेण्याआधी त्यांनी स्वतःच्या हातावर घेतला.

सांगितलं एकदाचं. पाणी पिऊन येतो.

तर — त्यांच्या बायकोनं एकदा मला वाढता वाढता सांगितलं, हे आजकाल भरला पेला हातात धरून बघत बसतात, थरथरतो का म्हणून. मी भाजी मागून घेतली. हात थरथरत नव्हता हो. कधीच थरथरला नाही.

सहावी पिन तुटली त्या दिवशी मिस्त्रींनी पट्टा सरकवून लेथ थांबवला आणि मला जवळ बोलावलं.

"लोखंड किती खायाचं हे हाताले समजूनच नाही राह्यलं रे वामन. आता तू बस इथी."

मॅनेजरकडे माझी शिफारसही त्यांनीच केली. थट्टेतलं ते बोलणं चुकीचं होतं, असंही म्हणाले. आणि गेले आपल्या गावी, वडनेर भोलजीला. मी दुसऱ्या दिवशी अख्खी पिन बसवली. ती वर्षभर टिकली, आणि लोक म्हणाले, वामनचा हात काय बसलाय!

पुढच्या खंडेनवमीला मीच त्यांना बोलावून घेतलं. हत्यारांची पूजा झाली, लेथला झेंडूचा हार घातला. सगळ्यांनी आग्रह धरला, मिस्त्री, एक काप घ्या, सणाचा. पट्टा चालू होता. पिन चांगली होती. त्यांनी नुसता हात ठेवला असता तरी आपला हात चुकत नाही हे त्यांना कळलं असतं. मी काही बोललो नाही — का? सगळे माझ्याकडे मिस्त्री म्हणून बघत होते, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

त्यांनी लेथला कुंकू लावलं आणि हात मागे घेतले.

"नको बाप्पा. सणाच्या दिवशी माह्या हातानं मोडलं तर बरं नाही दिसत."

मी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. दोन वर्षांनी ते गेले. गावातल्या मोटेची चाकंसुद्धा त्यांनी कधी दुरुस्त करून दिली नाहीत, म्हणे. कुणी विचारलं तर हात गेला म्हणून सांगायचे.

त्यांचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. हे इतकी वर्षं मला एकट्याला ठाऊक होतं. आता तुम्हालाही आहे.